मुसाफिर, मेजबान आणि बंद झालेली वाट

आमच्या शाळेत नववीच्या वर्गातला एक मुलगा सुट्टीनंतर मानेपर्यंत केस वाढवून आला. सकाळच्या दुआच्या वेळी एका ज्येष्ठ शिक्षकांनी त्याला रांगेतून बाहेर काढले. "क्या हिप्पी बनके आया है?" असे म्हणून त्याला थेट न्हाव्याकडे पाठवले. दुसऱ्या दिवशी केस कापून आलेल्या त्या मुलाने इतिहासाच्या तासाला मला विचारले, "सर, हिप्पी म्हणजे कोण?" वर्ग हसला. मीही हसलो. पण खरे सांगायचे तर मला उत्तर देता आले नाही. लांब केस, मळके कपडे, चरस-गांजा, यापलीकडे माझ्याजवळ काही नव्हते. ज्या शब्दाने आपण मुलांना रांगेतून बाहेर काढतो, त्या शब्दाचा अर्थ इतिहासाच्या शिक्षकालाही ठाऊक नसावा, याची मला लाज वाटली. हा लेख त्या लाजेतून लिहिला आहे.

आपल्या घरांत हा शब्द शिवी म्हणूनच आला. १९७१ मध्ये देव आनंद यांचा 'हरे राम हरे कृष्ण' हा चित्रपट आला. काठमांडूतल्या हिप्पींमध्ये हरवलेली बहीण झीनत अमानने रंगवली आणि भारतभरच्या आईबापांच्या मनात भीती बसली. मग पोराने कॉलर मोठी शिवली तरी तो हिप्पी आणि पोरीने घरात मोठ्याने गाणे लावले तरी ती हिप्पी. या भीतीपोटी एक गोष्ट आपल्या लक्षातच आली नाही. युरोपातून निघालेले हे तरुण ज्या वाटेने हिंदुस्थानात आले, त्या वाटेवरची बहुतेक शहरे मुसलमानांची होती. इस्तंबूल, एर्झुरुम, तबरीज, तेहरान, मशहद, हेरात, कंदहार, काबूल, पेशावर, लाहोर. प्रवाशांनी या प्रवासाची कितीतरी पुस्तके लिहिली. ज्यांच्या घरासमोरून ते गेले, त्यांचे पुस्तक कोणी लिहिले नाही. ही अर्धी कहाणी आपली आहे, म्हणून ती आपणच वाचायला हवी.

पण वाट कळण्याआधी वाटसरू घरातून का निघाला, हे पाहिले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका जगातली सर्वांत श्रीमंत सत्ता झाली. मध्यमवर्गीय गोऱ्या कुटुंबाच्या दारात मोटार आली, घरात फ्रीज आणि टेलिव्हिजन आला. या सुबत्तेत वाढलेल्या मुलांना तिचाच कंटाळा आला. १९५७ मध्ये जॅक केरुअकची 'ऑन द रोड' ही कादंबरी आली आणि घर सोडून भटकणे हाच एका पिढीचा आदर्श झाला. तिचा मित्रकवी ॲलन गिन्सबर्ग १९६२ मध्ये मुंबईला उतरला आणि वर्षभराहून अधिक काळ भारतात फिरला. वाट दाखवणारे असे आधी येऊन गेले होते.

कंटाळ्याला संतापाची जोड व्हिएतनामने दिली. अमेरिकेत तेव्हा सक्तीची लष्करभरती होती. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला नाव नोंदवावे लागे आणि बोलावणे आले की जावे लागे. १९६७ च्या अखेरीस व्हिएतनाममध्ये चार लाख ऐंशी हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक होते. युद्ध संपेपर्यंत अठ्ठावन्न हजारांवर अमेरिकन मेले. व्हिएतनामी तर लाखोंनी मेले. हिप्पी चळवळीला नुसते मौजमजेचे वेड म्हणणाऱ्याने हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. त्या मुलांनी केस वाढवले, कारण सैन्यात केस कापतात. त्यांनी हातात फूल धरले, कारण सरकार हातात बंदूक देत होते.

'हिप्पी' हा शब्द सॅन फ्रान्सिस्कोच्या वर्तमानपत्रांनी १९६५ पासून रूढ केला. या शहरातल्या हेट-ॲशबरी वस्तीत जुनी लाकडी घरे स्वस्त भाड्याने मिळत. तिथे ही मुले जमू लागली. १४ जानेवारी १९६७ रोजी गोल्डन गेट पार्कमध्ये त्यांचा मोठा मेळावा झाला आणि त्याच उन्हाळ्यात देशभरातून पाऊण ते एक लाख तरुण त्या छोट्या वस्तीत येऊन थडकले. 'डिगर्स' नावाचा गट रोज फुकट जेवण वाटत असे. जूनमध्ये एका डॉक्टरने फुकट दवाखाना उघडला. आपल्याला लंगर आणि खैराती दवाखाना माहीत आहेत, त्यामुळे या गोष्टींचे मोल आपण जाणतो. पण त्याच वस्तीत एलएसडीच्या गोळ्या होत्या, आजार होते, घरातून पळालेल्या अल्पवयीन मुली होत्या आणि त्यांचा गैरफायदा घेणारेही होते. ऑक्टोबर उजाडला तेव्हा वस्तीतल्या जुन्या लोकांनी स्वतःच 'हिप्पी मेला' असे जाहीर करून त्याची प्रतीकात्मक मय्यत काढली. मातीच्या कामाला मात्र कोणी उरले नाही, कारण तोवर हजारो तरुण वाटेला लागले होते.

काही खेड्यांत जाऊन सामुदायिक शेती करू लागले आणि काहींनी पूर्वेची वाट धरली. अमेरिकनांपेक्षाही इंग्रज, जर्मन, फ्रेंच आणि डच तरुण या वाटेवर जास्त सहज निघत, कारण त्यांना समुद्र ओलांडायचा नव्हता. लंडन किंवा ॲमस्टरडॅमहून निघालेल्या जुन्या बसगाड्या, रंगवलेल्या फोक्सवॅगन व्हॅन आणि मिळेल त्या ट्रकने ते इस्तंबूलला पोहोचत. निळ्या मशिदीजवळ सुलतानअहमत भागात दोन तुर्क भावांनी १९५७ मध्ये उघडलेले एक छोटे उपाहारगृह होते. परदेशी मुलांना नाव उच्चारता येईना, म्हणून ते 'पुडिंग शॉप' झाले. तिथल्या भिंतीवर एक फळा होता. कोणाला काबूलपर्यंत सोबत हवी, कोणाच्या गाडीत जागा आहे, कोणाचा मित्र हरवला आहे, अशा चिठ्ठ्या त्यावर लागत. आशियाच्या वाटेचे ते जणू पोस्ट ऑफिसच होते.

पुढे अनातोलिया आणि इराण ओलांडून हेरात. शाह जहीरच्या राजवटीतला अफगाणिस्तान गरीब होता, पण शांत होता. एका बाजूने रशियाने आणि दुसऱ्या बाजूने अमेरिकेने बांधून दिलेल्या रस्त्यांवरून हेरात, कंदहार, काबूल असा प्रवास बिनधोक होत असे. काबूलच्या चिकन स्ट्रीटवर स्वस्त हॉटेले, गालिचे, लापिस लाझुलीचे दागिने आणि पोस्तीन मिळत. पोस्तीन म्हणजे आतून लोकर आणि बाहेरून रेशमी कशिदा असलेला मेंढीच्या कातड्याचा कोट. गझनीच्या कारागिरांचा हा कोट १९६७ च्या सुमारास लंडनच्या दुकानांत आणि बीटल्सच्या अंगावर दिसू लागला. तिकडे त्याला 'अफगाण कोट' म्हटले गेले. कशिदा काढणाऱ्या हातांची नावे मात्र कुठल्याच फॅशनच्या इतिहासात नाहीत.

मेजबानांनी या पाहुण्यांकडे कसे पाहिले असेल? जकातीच्या आठ हकदारांमध्ये इब्नुस्सबील, म्हणजे वाटसरू, आहे. तो आपल्या घरी श्रीमंत असला तरी वाटेत अडला असेल तर त्याला मदत मिळते. पठाणांच्या रिवाजात मेलमस्तिया, म्हणजे अनोळखी पाहुण्याची बिनशर्त खातिरदारी, हा इज्जतीचा प्रश्न असतो. या संस्कारांमुळेच खिशात चार पैसे नसलेली परक्या धर्माची पोरे हजारो मैल जिवंत जाऊ शकली. सरायवाल्याने चहाचे पैसे सोडले, ट्रकवाल्याने नानचा तुकडा मोडून दिला. पण पाहुण्याने मेजबानाला किती ओळखले? हेरातची जुम्मा मशीद पाहून तो थक्क होई. मशिदीच्या शेजारच्या मदरशात काय शिकवतात, गव्हाचा भाव काय आहे, १९७१-७२ च्या दुष्काळात गावे का उठली, हे त्याने क्वचितच विचारले. त्याला पूर्वेत 'शांती' हवी होती. पूर्वेतली माणसे त्या शांतीच्या देखाव्यापुरतीच होती.

यात एक मोठी विषमता होती आणि ती पासपोर्टची होती. युरोपातला विशीतला मुलगा जवळजवळ प्रत्येक सरहद्द ओलांडू शकत असे. आपल्याकडे काय होते? पासपोर्ट द्यायचा की नाही, हे सरकारच्या मर्जीवर होते. एप्रिल १९६७ मध्ये सतवंत सिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाण्याचा हक्क व्यक्तिस्वातंत्र्यात येतो असा निकाल दिला आणि जूनमध्ये संसदेने पासपोर्टचा कायदा केला. म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची मुले जगभर पांगायला निघाली, त्याच उन्हाळ्यात भारतीय माणसाला देशाबाहेर जाण्याचा हक्क कागदावर मिळाला. आणि हक्क मिळाला तरी परकीय चलन कुठून आणायचे?

कोकणाच्या किनाऱ्यावर ही विषमता अगदी समोरासमोर आली. मुंबई-पणजी बोट १९७० च्या दशकात मोगल लाइन चालवत असे. आपल्या हाजींना जद्द्याला नेणारी हीच ती कंपनी. दिल्ली आणि मुंबई करून गोव्याला निघालेले हिप्पी तिच्या डेकवर पथारी टाकत. याच बोटींनी रत्नागिरीकडचे चाकरमानी ये-जा करत. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि कोकणातल्या मुस्लिम मोहल्ल्यांतला तरुण कुवेत, दुबई, सौदीच्या वाटेला लागला. एक तरुण पश्चिमेकडून पूर्वेला येत होता आणि घड्याळ, मोटार, नोकरी मागे टाकून येत होता. दुसरा पूर्वेकडून पश्चिमेला जात होता, त्याच वस्तू मिळवायला. बहिणीचे लग्न, घरावर मंगलोरी कौले, अब्बांच्या हातात घड्याळ आणि सुट्टीवर येताना एक टेपरेकॉर्डर, हे त्याचे स्वप्न. एकाच्या त्यागाला जगाने चळवळ म्हटले. दुसऱ्याच्या त्यागाला नाव मिळाले नाही. बारा बारा वर्षे बायकोपोरांवाचून राहिलेल्या त्या माणसाच्या खोलीतही आठ-दहा जण एकत्र राहत होते, एकाच भांड्यात जेवत होते. पण ती खोली कोणी 'कम्यून' म्हणून नोंदवली नाही.

गोव्यात काय झाले, ते आपल्याला जवळून माहीत आहे. १९६१ मध्ये मुक्त झालेल्या गोव्याच्या कळंगुट, बागा, हणजूण या किनाऱ्यांवर साठच्या दशकाच्या मध्यापासून हिप्पी राहू लागले. मच्छीमारांनी आणि शेतकऱ्यांनी खोल्या भाड्याने दिल्या. त्यातून घरात पैसा आला, हे खरे. परतीच्या प्रवासासाठी सामान विकण्याच्या गरजेतून १९७० च्या दशकात हणजूणचा बुधवारचा बाजार सुरू झाला आणि त्याने पुढे कितीतरी कुटुंबे पोसली. पण ज्या वाळूवर गावच्या बायका मासळी सुकवत, तिथे उघडे फिरणारे लोक पाहायला शनिवार-रविवारी शहरी पुरुषांच्या बसगाड्या येऊ लागल्या, हेही खरे. मागणी आली तशी अमली पदार्थांची साखळी आली. नेपाळने १९७३ मध्ये चरस-गांजाची दुकाने बंद केली आणि भारताने १९८५ मध्ये कडक कायदा केला. पाहुणे परत गेले. साखळी राहिली, आणि तिच्यात अडकलेली मुले आता आपल्या गल्लीतली होती.

हे सगळे पाहिले की आमच्या ज्येष्ठ शिक्षकांचा राग समजतो. तरीही हिशेब इथेच मिटवला तर तो अर्धवट राहील. कारण काहीजण पाहुणे म्हणून आले आणि शागिर्द होऊन राहिले.

जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे महोत्सवात पंडित रविशंकर यांच्या सतारीला तबल्याची साथ उस्ताद अल्लारखाँ यांची होती. १९६९ मध्ये वुडस्टॉकला चार लाखांच्या समुदायासमोर पावसातही तेच दोघे होते. नशेत राग ऐकणाऱ्या श्रोत्यांवर रविशंकर नाराज असत आणि ते बोलूनही दाखवत. उस्ताद अली अकबर खाँ यांनी दुसरा मार्ग घेतला. त्यांनी १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात आपले संगीत विद्यालय सुरू केले आणि २००९ मध्ये इंतकाल होईपर्यंत तिथेच तालीम दिली. केस कितीही लांब असोत, रियाजाला बसायचे आणि सूर लागेपर्यंत उठायचे नाही. अल्लारखाँ साहेबांचे चिरंजीव झाकिर हुसेन विशीत तिथे शिकवायला गेले. डिसेंबर २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतच त्यांनी डोळे मिटले. हिप्पींच्या शहराला माहीमच्या तबल्याने काय दिले, याचे हे एकच उदाहरण पुरे.

दुसरे उदाहरण सॅम्युअल लुईस यांचे. १८९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या यहुदी घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील लेव्ही स्ट्रॉस या जीन्सच्या कंपनीत बडे अधिकारी होते. १९२३ मध्ये त्यांनी हजरत इनायत खाँ यांच्याकडून बैअत घेतली. हे इनायत खाँ मूळचे आपल्या गायकवाडांच्या बडोद्याचे, उस्ताद मौलाबख्श यांचे नातू. १९१० मध्ये ते अमेरिकेला गेले आणि त्यांनी सूफी विचार तिकडे नेला. त्यांची मजार दिल्लीत निजामुद्दीनला आहे. लुईस यांनी पुढे पाकिस्तान आणि इजिप्तमध्ये बुजुर्गांची सोबत केली. सत्तरी गाठल्यावर आजारपणात त्यांना असे वाटले की, या भरकटलेल्या मुलांना सांभाळणे हेच आपले काम आहे. लोक त्यांना 'सूफी सॅम' म्हणू लागले. नशेवाचूनही जिक्रमध्ये कैफ असतो, हे त्यांनी मुलांना दाखवले आणि हातात हात घेऊन निरनिराळ्या धर्मांची पवित्र नावे जपत फेर धरायला शिकवले. आपल्या उलेमांना हा फेर मान्य होणार नाही, त्यावर वाद होऊ शकतो. पण समाजाने टाकलेल्या मुलांकडे एक म्हातारा दार उघडून उभा राहिला, यावर वाद होऊ नये.

१९७१ मध्ये लुईस वारले. त्यांना न्यू मेक्सिकोतल्या डोंगरावर लामा फाउंडेशनच्या जमिनीत दफन केले. ही वस्ती १९६७ मध्ये ज्यांनी वसवली, त्यांच्यात स्टीफन डर्की नावाचा चित्रकार होता. त्याने सत्तरच्या दशकात इस्लाम कबूल केला आणि तो नूरुद्दीन डर्की झाला. त्याच न्यू मेक्सिकोत ॲबिक्यू गावाजवळ 'दारुल इस्लाम' उभे राहिले. १९८० मध्ये इजिप्तचे थोर वास्तुविशारद हसन फतही न्युबियन गवंड्यांना घेऊन तिथे आले आणि कच्च्या मातीच्या विटांची घुमटदार मशीद त्यांनी बांधायला घेतली. मातीत राहण्याचे हिप्पींचे स्वप्न तिथे सफ धरून उभे राहिले. डर्की २०२० मध्ये अल्लाहला प्यारे झाले.

१९६७ हे वर्ष आणखी एका माणसाचे होते. २८ एप्रिल रोजी ह्यूस्टनच्या भरती केंद्रात पंचवीस वर्षांच्या मुहम्मद अलीचे नाव पुकारले गेले आणि त्याने पाऊल पुढे टाकायला नकार दिला. विश्वविजेतेपद गेले. पाच वर्षांची कैद आणि दहा हजार डॉलर दंड अशी शिक्षा झाली. अपील चालू असल्याने तो तुरुंगाबाहेर राहिला, पण ऐन उमेदीची साडेतीन वर्षे त्याला रिंगमध्ये उतरता आले नाही. जून १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. अली हिप्पी नव्हता. त्याचे केस आखूड होते आणि तो शराबला शिवत नव्हता. पण ज्या युद्धाला हिप्पींनी नकार दिला, त्यालाच त्यानेही दिला. फरक एवढाच की हिप्पी निघून गेला आणि अली उभा राहिला. कृष्णवर्णीय माणसाला निघून जायला वाट नव्हती, असेही म्हणता येईल. नकाराची किंमत त्याने स्वतः मोजली, म्हणून तो नकार टिकला.

हिप्पींची वाट मात्र टिकली नाही. एप्रिल १९७८ मध्ये काबूलमध्ये कम्युनिस्टांनी सत्ता घेतली. फेब्रुवारी १९७९ मध्ये इराणची क्रांती झाली आणि त्याच डिसेंबरात रशियन फौजा अफगाणिस्तानात घुसल्या. इस्तंबूल ते दिल्लीचा रस्ता मिटला. पुडिंग शॉपच्या वाटसरूंना दुसरीकडे जाता आले. काबूलच्या हॉटेलवाल्याला कुठे जाता येणार होते? पाहुण्यांच्या बसगाड्या ज्या खैबरमधून उतरत, तिथूनच लाखो अफगाण निर्वासित पेशावरला उतरले. ज्यांनी एकेकाळी जगाला सराय दिली, ते स्वतः तंबूत गेले. पुढे त्यांच्या मुलांनी लंडन-ॲमस्टरडॅमची दारे ठोठावली, तेव्हा त्यांना इब्नुस्सबील म्हणून कोणी ओळखले नाही. जुन्या मेहमानांच्या देशांनी त्यांच्याकडे कागद मागितले.

अमेरिकेत आणि युरोपात या चळवळीचा असर राहिला, तो समाजात विरघळून. १९७० चा पहिला वसुंधरा दिन, रसायनांविना पिकवलेले धान्य, युद्धविरोधी मोर्चे, संगीत, पेहराव, या सगळ्यांत तो दिसतो. १९७२ मध्ये याच वाटेने आलेल्या टोनी आणि मॉरीन व्हीलर यांनी पुढल्या वर्षी एक छोटी प्रवासपुस्तिका छापली आणि तिच्यातून 'लोनली प्लॅनेट' ही मोठी कंपनी उभी राहिली. बाजार नको म्हणून निघालेल्यांची वाटसुद्धा बाजाराने विकायला काढली. समानतेच्या गप्पा मारणाऱ्या कम्यूनमध्ये स्वयंपाक आणि पोरे बहुधा बायकांच्याच वाट्याला आली, हेही तिकडच्या स्त्रियांनी नंतर लिहून ठेवले.

त्या मुलाला मी काय सांगितले? आठ दिवसांनी मी वर्गात जगाचा नकाशा लावला आणि इस्तंबूलपासून गोव्यापर्यंत खडूने रेघ ओढली. म्हटले, काही मुलांना त्यांच्या सरकारने माणसे मारायला सांगितले. त्यांनी ऐकले नाही, हे त्यांचे बरोबर. मग त्यांनी सगळेच सोडले, नशाही केली. त्यात त्यांचे आणि इतरांचेही नुकसान झाले. ही मुले ज्यांच्या दारात आली, त्यांनी त्यांना भाकरी दिली आणि केसांवरून कोणालाच रांगेबाहेर काढले नाही.

मुलगा नकाशाकडे पाहत होता. त्याने विचारले, "सर, आज आपण या रस्त्याने जाऊ शकतो का?"

मी नाही म्हणालो. का नाही, हे समजावून सांगण्यात तो सगळा तास गेला.